गाडीत मोबाइल वायरने जोडावा की वायरलेस: बेळगाव, कोल्हापूर आणि चोर्ला घाटातील आठ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी पाच वर्षांपूर्वी घेतलेली हॅचबॅक आहे. तिच्या डॅशबोर्डवर सात इंची टच स्क्रीन आहे आणि मोबाइलवरचा नकाशा, गाणी आणि फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटो व ॲपल कारप्ले या दोन्ही सोयी तिला कंपनीतूनच मिळाल्या आहेत, मात्र केबल लावल्याशिवाय त्यांतील एकही चालत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील कामाच्या निमित्ताने मला आठवड्यातून एकदा तरी कोल्हापूरकडे, म्हणजे शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला जावे लागते. महिन्या-दीड महिन्यातून एक फेरी चोर्ला घाटाने गोव्याला होते आणि उरलेले दिवस टिळकवाडी, शहापूर, खडे बाजार एवढ्याच टापूत जातात. आठ महिन्यांपूर्वी मी साडेतीन हजार रुपये देऊन या गाडीला वायरलेस अडॅप्टर बसवला. तेव्हापासून एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा मी दोन्ही प्रकारची जोडणी आलटून पालटून वापरली. नवी गाडी घेऊ पाहणारे नातेवाईक आणि कारखान्यातील सहकारी मला सतत याविषयी विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: गावात फिरताना वायरलेस फार सोयीचे आहे, पण लांबच्या आणि घाटाच्या रस्त्यावर मी वायरवरच विश्वास ठेवतो, आणि दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी वायर निवडीन.

मुळात ही जोडणी काय करते, ते समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. गाडीच्या स्क्रीनवर नकाशा दिसतो, गाणी दिसतात, आलेला फोन दिसतो, पण हे सगळे काम मोबाइल करत असतो. मोबाइल आपल्याकडे तयार झालेले चित्र व्हिडिओच्या रूपाने स्क्रीनकडे पाठवतो आणि आपण स्क्रीनवर जिथे बोट लावतो त्याची खबर उलट मोबाइलकडे जाते. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन्हींची घोषणा २०१४ साली झाली, तेव्हा ही सगळी देवाणघेवाण यूएसबीच्या वायरमधूनच होत असे. वायरलेस प्रकारात ब्लूटूथचे काम फक्त ओळख पटवून देण्यापुरते असते. गाडी आणि मोबाइल यांनी एकमेकांना ओळखले की दोघांमध्ये वाय-फायची जोडणी तयार होते आणि चित्र व गाण्यांचा आवाज त्या वाय-फायवरून जातो. अँड्रॉइडच्या बाबतीत ही सोय २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून सरसकट सर्व फोनांना मिळाली, पण फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असणे त्यासाठी आवश्यक आहे. स्वस्तातील काही फोनांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असते, त्यामुळे असा फोन कितीही नवा असला तरी वायरलेस जोडणी होत नाही. आमच्या कारखान्यातील एका मुलाने हे न पाहता अडॅप्टर मागवला आणि तो त्याला परत करावा लागला.

अडॅप्टर म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी असते. ती गाडीच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायची. गाडीला वाटते की वायरने मोबाइलच जोडला आहे, आणि डबी दुसऱ्या बाजूने खऱ्या मोबाइलशी वाय-फायने बोलते. त्यामुळे ज्या गाडीत वायरचे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले मुळातच नाही, तिथे ही डबी काहीही करू शकत नाही. बसवायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

मी अडॅप्टर घेतला त्याचे कारण वायरचा त्रास हेच होते. गेल्या वर्षी पावसाने जांबोटी रस्त्याची चाळण झाली होती आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली की स्क्रीन काळी होत असे. पुन्हा जोडणी व्हायची, पुन्हा नकाशा उघडायचा, आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. मी केबल बदलून पाहिली, पोर्ट पुसून पाहिला, शेवटी वायरच नको अशा निर्णयाला आलो. तो निर्णय किती घाईचा होता, ते पुढे कळले.

गावातील वापरात अडॅप्टरने मला खरोखर सुख दिले आहे. सकाळी धाकट्याला शाळेत सोडायचे, येताना भाजी घ्यायची, मध्येच मारुती गल्लीत कोणाला तरी एक पाकीट द्यायचे, अशा दहा-पंधरा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीला खिशातून मोबाइल काढून केबल लावायची आणि उतरताना आठवणीने काढायची, हे पूर्वी माझ्याकडून होतच नसे. परिणामी फोन आला की हात खिशाकडे जायचा. आता मोबाइल खिशातच राहतो, गाडी सुरू केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर येतो, आणि उतरताना काहीही विसरण्याची भीती नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा लागतो ते बेळगावकरांना सांगायला नको. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी आणि भिजलेल्या बोटांनी पिन लावण्याची खटपट, यातून सुटका झाली ही गोष्ट मी लहान मानत नाही. आज अडॅप्टर बिघडला तर गावापुरता मी दुसरा घेईन.

गावातही एक अडचण मात्र आली आणि ती वायरला कधीच येत नाही. आमच्या पोर्चमध्ये गाडी लावली की ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच असते. एकदा मी आतमध्ये एका ग्राहकाशी फोनवर बोलत असताना माझ्या पुतण्याने गाडी बाहेर काढण्यासाठी सुरू केली आणि बोलणे तुटल्यासारखे झाले. बाहेरून पुतण्या ओरडला, "काका, तुमचा माणूस गाडीत बोलतोय!" ओळखीचा मोबाइल टप्प्यात दिसला की गाडी तो लगेच आपल्याकडे ओढून घेते, माणूस गाडीत आहे की घरात हे तिला कळत नाही. घरातील दोघांचे फोन जोडलेले असतील तर कोणाचा फोन आधी लागेल हेही सांगता येत नाही. वायरच्या बाबतीत ज्याच्या फोनला केबल लावली त्याचा नकाशा दिसतो, इतका सरळ हिशेब असतो.

कोल्हापूरच्या रस्त्यावर चित्र बदलते. बेळगाव ते कोल्हापूर अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि वाटेत कामाचे फोन, नकाशा आणि गाणी सतत चालू असतात. वायरलेसवर असताना मोबाइल एकाच वेळी उपग्रहांकडून ठिकाण शोधतो, मोबाइल नेटवर्कशी बोलतो, चित्राचा व्हिडिओ बनवतो आणि वाय-फायने तो पाठवत राहतो. एप्रिलमधील एका दुपारी काकती सोडताना माझा मोबाइल ऐंशी टक्क्यांवर होता आणि कागल ओलांडताना तो पन्नासच्या खाली आला होता. खिशातील फोन मांडीला चटका बसावा इतका तापला होता. म्हणून पुढच्या वेळी १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर लावून फोन त्याला जोडला, म्हणजे जी वायर नको म्हणून अडॅप्टर घेतला ती दुसऱ्या वाटेने परत आली. ज्या गाड्यांत वायरलेस चार्जिंगचा पॅड असतो तिथे केबल लागत नाही, पण पॅडवर चार्जिंग होताना निर्माण होणारी उष्णता आणि वायरलेस जोडणीची उष्णता दोन्ही एकाच फोनला सोसाव्या लागतात. माझ्या मेहुण्यांच्या नव्या गाडीत संकेश्वरच्या पुढे पॅडवरील फोनने चार्जिंग आपणहून थांबवले, ते मी शेजारी बसून पाहिले आहे. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा परिणाम दिसतोच.

दुसरा फरक उशिराचा आहे. वायरलेसवर गाणे बदलले की क्षणभर थांबून बदलते, ते चालून जाते. पण महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे वाहतूक जागोजागी सेवारस्त्यावर वळवलेली असते, आणि तिथे नकाशातील बाण एक सेकंद मागे राहिला तरी फरक पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे गेलेली असते. निपाणीच्या अलीकडे एकदा मी असेच वळण चुकलो आणि पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. वायरवर बाण आणि गाडी एकमेकांना धरून चालतात.

चोर्ला घाटातील प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही दोघे म्हापशाहून परतत होतो. केरीनंतर चढण लागली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि वर येता येता धुके इतके दाटले की समोरच्या गाडीचे मागचे दिवेही दिसेनासे झाले. या घाटात रस्ता चुकण्याचा प्रश्न नसतो, पण धुक्यात पुढचे वळण किती अवघड आहे ते नकाशावर आधी दिसते, आणि नेहमी जाणारे अनेक जण त्यासाठीच नकाशा चालू ठेवतात. मीही डाव्या डोळ्याने नकाशा आणि उजव्या डोळ्याने रस्त्यावरची पांढरी रेघ बघत चाललो होतो. एका वळणाच्या तोंडावर स्क्रीन गेली आणि त्याच क्षणी रेडिओची मोठी खरखर सुरू झाली. मोबाइल रेनकोटच्या आत, पँटच्या खिशात होता. माझा हात आपोआप तिकडे गेला, तेव्हा पत्नीने आवाज चढवून सांगितले, "अहो, आधी गाडी बाजूला घ्या, मोबाइल मग बघा." थोडे पुढे रुंद जागा मिळाली तिथे थांबलो. अडॅप्टरचा लहान दिवा लुकलुकत होता. मोबाइल बाहेर काढून पाहिला तर बॅटरी उतरल्यामुळे त्यात बॅटरी सेव्हर आपोआप सुरू झाला होता. तो बंद केल्यावर जोडणी परत आली. घाटात बराच पट्टा नेटवर्कशिवाय जातो आणि नेटवर्क मिळत नसले की फोन ते शोधण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो. त्यातच वायरलेस जोडणीचा खर्च वाढला आणि नेमक्या अवघड जागी फोनने हात टेकले, असा याचा अर्थ मी लावला. वायर लावलेली असती तर बॅटरी त्या पातळीला गेलीच नसती.

वाहन चालवताना हातात मोबाइल धरण्याविषयी कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून हातातील मोबाइलचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. जोडणी तुटली की माणूस नेमके याच्या उलट वागतो, म्हणून ती किती वेळा तुटते हा माझ्या दृष्टीने सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

चोर्ल्याच्या त्या फेरीनंतर मी गाडी घेऊन शहरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि यूएसबीचा पोर्टच बदलून टाका, असे सांगितले. त्यांनी पोर्टला हात लावला नाही. "साहेब, गाडीचं राहू दे, मोबाइलची पिन बघू की आधी," असे म्हणून त्यांनी माझा फोन घेतला, टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात डोकावले आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने आतली कड खरवडली. आतून राखाडी रंगाचा, दाबून घट्ट झालेला, निरांजनातल्या फुलवातीएवढा कापसाचा बोळा बाहेर आला. वर्षानुवर्षे खिशात राहून जमलेले ते कापडाचे तंतू होते. त्यामुळे केबलची पिन पूर्ण आत जातच नव्हती, नुसती टेकून राहत होती, आणि खड्ड्यात गाडी आदळली की निसटत होती. साफ केल्यावर तीच केबल लावली तर टक असा आवाज आला. तो आवाज मी त्या फोनमधून कित्येक महिने ऐकला नव्हता. हे काम सुईने किंवा पिनेने करू नका, आतले सोनेरी पट्टे खरवडले जातात, असेही त्यांनी बजावले.

मग मी मधल्या काळात बदलून पाहिलेली दुसरी केबल त्यांना दाखवली, जी चार्जिंग करते पण स्क्रीनवर काहीच आणत नाही. ती त्यांनी माझ्यासमोर कटरने कापली. आत दोनच तारा होत्या, एक लाल आणि एक काळी. शेजारच्या डब्यातून त्यांनी आणखी एक तुटकी केबल काढून सोलली, तिच्यात लाल आणि काळ्याबरोबर पांढरी व हिरवी अशा चार तारा होत्या. लाल-काळी वीज नेते आणि पांढरी-हिरवी माहिती नेते. बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळणाऱ्या कितीतरी केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून पाहून ते कोणालाही ओळखता येत नाही. वायर बेभरवशाची आहे अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष या दोन जागी सापडेल, असे मला आता वाटते. मी त्यांच्याकडूनच साडेतीनशे रुपयांची डेटा केबल घेतली. ती एक मीटरपेक्षा आखूड आहे. अँड्रॉइड ऑटोसाठी लांब केबल आणि मध्ये जोडलेली एक्स्टेन्शन टाळावी, असे गुगलचेही सांगणे आहे.

तेव्हापासून कोल्हापूरच्या दहा-बारा फेऱ्या आणि गोव्याच्या दोन फेऱ्या वायरवर झाल्या. जांबोटीच्या रस्त्यावर खड्डे तेवढेच आहेत, पण स्क्रीन एकदाही गेलेली नाही.

वायरचीही मर्यादा सांगितली पाहिजे. गाडीतील डेटाच्या पोर्टमधून चार्जिंग फार मंद होते. साध्या यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे केवळ अडीच वॅट आहे. काही गाड्यांत त्याहून जास्त मिळते, तरी घरच्या जलद चार्जरची सर त्याला येत नाही. नकाशा आणि फोन चालू असताना माझ्या गाडीत बॅटरी फारशी चढत नाही, पण उतरतही नाही, आणि प्रवासात मला तेवढे पुरेसे आहे. घरात निरनिराळे फोन असतील तर केबलीही निरनिराळ्या लागतात. थोरलीचा जुना आयफोन लाइटनिंग पिनचा आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळी केबल ठेवावी लागते. २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथेही यूएसबी-सी आल्यामुळे हा प्रश्न हळूहळू मिटेल.

अँड्रॉइड ऑटोत वायर लावली तरी फोनवरचे बोलणे ब्लूटूथवरूनच जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. वायर आहे म्हणून ब्लूटूथ बंद ठेवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला गाडीतून बोलणे का होत नाही ते महिनाभर कळत नव्हते. त्यामुळे समोरच्याला आपला आवाज नीट ऐकू येत नसेल तर केबलला दोष देऊन उपयोग नाही.

आपल्या भागात आणखी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्रात शिरताना किंवा चोर्ल्याहून गोव्यात उतरताना मोबाइलचे नेटवर्क बदलते, क्षणभर डेटा थांबतो आणि नकाशा रेंगाळतो. वायरलेस असल्यामुळेच असे झाले, असे लोक म्हणतात. गाडी आणि मोबाइल यांच्यातील वाय-फाय हे फक्त त्या दोघांपुरते असते. त्याला इंटरनेट लागत नाही, डेटा पॅक खर्च होत नाही आणि राज्याची हद्द त्याला माहीत नसते. टोलनाक्यावर फास्टॅगच्या यंत्रामुळे जोडणी तुटते असेही मला एकाने सांगितले होते, पण फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि गाडीचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर, त्यामुळे हा तर्क टिकत नाही. नेटवर्क जाते तिथे नकाशाही जाऊ नये असे वाटत असेल तर खानापूर तालुका, चंदगड आणि गोव्याचा भाग घरच्या वाय-फायवर आधीच डाउनलोड करून ठेवावा. जोडणी कोणतीही असो, घाटात त्याचा उपयोग होतो.

नवी गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये एक गोष्ट अवश्य पाहावी. काही कंपन्यांनी आठ इंची स्क्रीनच्या स्वस्त मॉडेलला वायरलेस दिले आणि मोठ्या स्क्रीनच्या महाग मॉडेलला फक्त वायर दिली, असे आपल्या बाजारात घडलेले आहे. वरचे मॉडेल म्हणजे वायरलेस असणारच, असे गृहीत धरू नये. याच्या उलट, गाडी वायरलेस असली तरी तिच्यातील यूएसबी पोर्ट माहितीचा आहे की नुसता चार्जिंगचा, हे विचारून घ्यावे. हल्ली पोर्ट तीन-चार असतात आणि त्यांतील एकच डेटाचा असतो. स्वतःची केबल बरोबर न्यावी, गाडी दोन-तीनदा बंद करून सुरू करावी आणि दर वेळी स्क्रीन किती वेळात येते ते घड्याळ लावून पाहावे. केवळ वायरलेससाठी वरच्या मॉडेलचे पन्नास-साठ हजार जास्त मोजावेत, असे मला मुळीच वाटत नाही, कारण ती सोय नंतर काही हजारांत घेता येते.

माझ्या गाडीत आता दोन्ही आहेत. सोमवार ते शनिवार गावात अडॅप्टर लावलेला असतो. घाटाकडे निघालो की पिरनवाडी सोडण्यापूर्वी आणि कोल्हापूरकडे निघालो की काकतीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतो, डबी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो आणि केबल लावतो. पिनेचा टक आवाज ऐकला की मगच गाडी पुढे काढतो.